गोठ्यातली वायर कोणाची?

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील जुन्या मराठी घरांची गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ डागडुजी झाली. सारवलेल्या ओसरीवर फरशी आली, देवघरात संगमरवर आले, भिंतीत पाइप पुरून नवे वायरिंग झाले आणि दाराच्या आतल्या बाजूला एमसीबीचा पांढरा डबा बसला. घरधनी तो डबा पाहुण्याला उघडून दाखवतो. चांगली गोष्ट आहे. परंतु त्याच घराच्या मागच्या दाराने गोठ्यात जावे, म्हणजे वेगळेच दृश्य दिसते. घरातून निघालेली जुनी वायर फेकून न देता गोठ्याला दिलेली असते. ती परसातल्या कडुलिंबाच्या फांदीवरून, तिथून टिनाच्या कडेवरून आणि पुढे एका बांबूला सुतळीने बांधून आत आलेली असते. तीन ठिकाणी सांधे, सांध्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर कोळिष्टके. लाकडी पाटीवर एक बटन आणि दोन पिनांचे एक सॉकेट. कडबा कुट्टीच्या मशीनचा तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही म्हणून त्याची वरची जाड पिन कापून टाकलेली, नाहीतर प्लगच काढून वायरीची उघडी टोके भोकांत घालून काडीने घट्ट केलेली.

बँकेतील नोकरीमुळे आम्हाला कर्जावरच्या गायी-म्हशींच्या तपासणीला साहेबांबरोबर अशा गोठ्यांत जावे लागते. जनावर मोजायचे, कानातला बिल्ला पाहायचा, फोटो काढायचा, सही घ्यायची. तपासणीच्या फॉर्मात पत्रे आहेत, गव्हाण आहे, पाण्याचा हौद आहे. विजेचा रकाना नाही. कर्जदाराच्या कोटेशनमध्ये वीज म्हणून एक आकडा असतो. तो सगळ्यांत लहान असतो आणि पैसे कमी पडले की पहिल्याने त्यालाच कात्री लागते.

काही सभासद विचारतील की, या पत्रकात आपण जिल्ह्याच्या कचेऱ्या, मराठी शाळा आणि संत्र्याचे भाव यांवर लिहितो, तिथे गोठ्यातली वायर कशाला? आमचे उत्तर असे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरोच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांत देशभर विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा दरवर्षी बारा-तेरा हजारांच्या घरात आहे, आणि त्या यादीत आपला मध्यप्रदेश वरच्या क्रमांकांत असतो. हे लोक काही सगळेच खांबावर चढलेले लाइनमन नसतात. बरेचसे पंपाच्या खोलीत, गोठ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या जमिनीवर अनवाणी उभे असलेले लोक असतात. ज्या प्रश्नात माणसे मरतात आणि जबाबदारी कोणाची हे ठरलेले असूनही कोणी घेत नाही, तो प्रश्न राजकीयच आहे.

तेव्हा जबाबदारीपासूनच सुरुवात करू. याबाबत आपल्याच राज्यातला एक खटला सगळ्यांना माहीत असावा. १९९७ साली एक कामगार रात्री सायकलने घरी जात होता. पावसाचे पाणी रस्त्यावर साचले होते आणि त्या पाण्यात जिवंत तार पडलेली होती. तो जागीच गेला. वीज मंडळ म्हणाले की, ती तार आमची नाही, कोणीतरी आमच्या लाइनवर आकडा टाकून चोरून वीज नेली होती, त्याची ती तार तुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मंडळाचे म्हणणे फेटाळले. विजेसारखी धोक्याची वस्तू जो पुरवतो, त्याची चूक सिद्ध झाली नाही तरी त्याच्यावर जबाबदारी येते, असे न्यायालयाने सांगितले. पुढे २००५ साली मंडळाच्या जागी कंपन्या आल्या, आपल्याकडे जबलपूरची पूर्व क्षेत्र कंपनी आली, तरी तत्त्व तेच आहे. या निकालाचा आपल्या मंडळींवर एक उलटा परिणाम झालेला आम्हाला दिसतो. विजेने काही झाले की कंपनी भरेल, अशी एक समजूत पसरली आहे. रस्त्यावरच्या तारेपुरती ती खरी आहे. मीटरच्या पुढे मात्र ती संपते. मीटरपर्यंतची तार कंपनीची आणि मीटरपुढची घरधन्याची. कडुलिंबावरून गोठ्यात गेलेली वायर मीटरच्या पुढची आहे, म्हणून ती आपली. तिने कोणी दगावले तर कंपनीचा माणूस येईल, पाहील, मीटरपुढे बिघाड असे लिहून निघून जाईल, आणि ते कायद्याने बरोबर असेल.

आणि दगावणार कोण? इथे जुन्या घरांनी जरा स्वतःशी हिशेब करावा असे आम्हाला वाटते. घरधनी सकाळी सात वाजता चहा घेऊन वर्तमानपत्र उघडतो. गोठ्यातले बटन पहाटे साडेचारला सालदाराने दाबलेले असते. पाडव्याला ज्याचे साल ठरते, धान्य ठरते, कपड्याची जोडी ठरते, त्याच्याशी बोलताना कोणत्या भिंतीला हात लावू नको हे कोणी ठरवत नाही. शेणामुताने ओला झालेला कोबा, पायात काही नाही, एका हातात बादली, दुसरा हात बटनावर. धारा काढायला घरातली सून जाते, तीही ओल्या हातांनीच. म्हणजे वायर एकाची आणि हात दुसऱ्याचा. घरातल्या माणसाला एमसीबी, आरसीसीबी, भिंतीत पुरलेले पाइप. सालदाराला घरातून निघालेली वायर. जुन्या काळी शिळे अन्न मागच्या दाराने द्यायचे, तशातलाच हा प्रकार झाला. शब्द कडक वाटेल, पण दुसरा सुचत नाही.

कायद्याचेही एवढे सांगून ठेवतो की, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत विजेवर चालणाऱ्या साधनांनी शेतीकाम करणारा मजूर पूर्वीपासून होता. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे जे कलम पूर्वी ३०४-अ होते, ते जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १०६ झाले आहे. आपल्याकडचा सालदार कोर्टात जात नाही, म्हणून ही कलमे आपल्याला ठाऊक नसतात.

आता प्रत्यक्ष वायरीकडे वळू. आम्ही वाणिज्य शाखेचे, वायरमन नव्हे. परंतु हा हिशेब दहावीच्या गणिताचा आहे आणि तो कोणालाही करता येतो. समजा मीटरपासून गोठा साठ मीटरवर आहे. जायची साठ आणि यायची साठ अशी एकशेवीस मीटर वायर झाली. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीला रोध होतो सुमारे २.१ ओहम. दोन अश्वशक्तीची कुट्टीची मोटर सिंगल फेजवर दहा अँपियरच्या आसपास घेते. दहा गुणिले २.१, म्हणजे २१ व्होल्ट वाटेतच गेले. उन्हाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे मुळातच दाब कमी असतो, त्यातून हे २१ वजा. मोटर कण्हत फिरते, जास्त करंट ओढते, तापते आणि दोन वर्षांत जळते. मग आपण मोटरच्या कंपनीला शिव्या देतो. शिवाय त्या वायरीत २१० वॅट उष्णता तयार होत राहते, तीही कडब्याच्या गंजीशेजारून जाणाऱ्या वायरीत. हीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट साडेआठ व्होल्टच्या आत येते, चारची घेतली तर सव्वापाच व्होल्ट. दुकानात वायर मागताना आपण कंपनीचे नाव विचारतो आणि भाव विचारतो. अंतर किती आणि मोटर किती, हे सांगून जाडी विचारणारे गिऱ्हाईक विरळाच.

तरी मोटर जळणे हे पैशाचे नुकसान झाले. जिवाचा प्रश्न अर्थिंगचा आहे, आणि तिथे आपल्याकडे अज्ञान फार आहे. घरात एमसीबी बसला म्हणजे आता कोणाला करंट लागणार नाही, असे शिकलेली माणसेही समजतात. हिशेब करू. ओल्या अंगाच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरतात. दाब २३० व्होल्ट. शरीरातून जाईल ०.२३ अँपियर, म्हणजे २३० मिलीअँपियर. हृदयाची लय बिघडायला पन्नास ते शंभर मिलीअँपियर पुरतात. एमसीबी आहे सोळा अँपियरचा. त्याच्या दृष्टीने ०.२३ म्हणजे एका मोठ्या बल्बाचे ओझे. माणूस चिकटून मरेल आणि एमसीबी जागचा हलणार नाही. तो वायरीला वाचवण्यासाठी असतो, माणसाला वाचवणे त्याचे काम नव्हे.

बरे, अर्थिंग केले म्हणजे झाले का? तेही पुरेसे नाही. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा सुकतो आणि अर्थिंगचा रोध वीस ओहमवर जाणे काही अवघड नाही. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपियर. मोटरच्या अंगावर फेज आला तरी सोळाचा एमसीबी पडणार नाही आणि मोटरचे अंग जिवंतच राहील. म्हणून आरसीसीबी हवा. जाणारा करंट आणि परत येणारा करंट तो सतत तोलत असतो. तीस मिलीअँपियरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी गळती आहे असे समजून एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो. ही काही नवलाईची वस्तू नाही. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत खाणींसाठी आणि ऑस्ट्रियात घरांसाठी ती तयार झाली. आपल्या गोठ्यापर्यंत ती सत्तर वर्षांत आलेली नाही. उलट बाजूनेही सांगायला हवे. अर्थिंग नसताना नुसता आरसीसीबी बसवला, तर तो कोणीतरी हात लावेपर्यंत वाट पाहतो आणि झटका बसल्यावर पडतो. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच पडतो, हात लावायची वेळच येत नाही. दोन्ही एकत्र हवीत.

काही ठिकाणी आरसीसीबी बसवून नंतर काढून टाकलेला आम्ही पाहिला. विचारले तर उत्तर ठरलेले: सारखा पडत होता. अहो, तो पडत होता कारण गळती होती! कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्यालाच हाकलून द्यायचे आणि चोराला आत ठेवायचे, त्यातली गत. बहुधा जुन्या मोटरीत ओल गेलेली असते, किंवा उंदरांनी पत्र्याखाली वायर कुरतडलेली असते. आणखी एक कारण आपल्याकडे सर्रास आढळते. न्यूट्रल तुटला की दुरुस्त करायचा कंटाळा म्हणून बोअरच्या लोखंडी पाइपाला वायर बांधून बल्ब चालवतात. बल्ब लागतो खरा, पण त्या पाइपात करंट वाहत असतो आणि त्याच पाइपाजवळ गुरे पाणी पितात. आरसीसीबी असा बल्ब एक क्षण चालू देत नाही. तक्रार म्हणून जे सांगतात, ते त्याचे खरे काम आहे.

गुरांचे तर माणसापेक्षा वाईट असते. माणसाच्या दोन पायांत अंतर ते किती! बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फूट अंतर, आणि छाती मध्ये. ओल्या कोब्यात गळती पसरली की त्या अंतरावर जो दाब तयार होतो, तो थेट हृदयावरून जातो. शिवाय लोखंडी साखळी आणि लोखंडी खुंटा. माणूस निदान ओरडतो, उडी मारतो. दावणीचे जनावर जाणार कुठे? आमच्या माहितीतल्या एका घरी पावसाळ्यात अशीच एक म्हैस गेली. दोन दिवस ती गोठ्यात शिरायला तयार नव्हती, घरच्यांना वाटले नजर लागली. मिरच्या-मोहऱ्या उतरवून टाकल्या. जनावराला पायातून मुंग्या येत होत्या. गाय-म्हैस दारातच अडत असेल, गव्हाणीला तोंड लावायला घाबरत असेल, तर आधी मेन बंद करून वायरमनला बोलवावे. नजर नंतर काढली तरी चालेल.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. घराच्या डब्यातून गोठ्यासाठी वेगळी लाइन काढावी आणि गोठ्याच्या लाइनवर स्वतंत्र तीस मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवावा, म्हणजे गोठ्यात गळती झाली तर घर अंधारात जात नाही आणि तो काढून टाकायचा मोहही होत नाही. वायर तीन पदरी, म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थ. परसातून नेताना जाळीदार कवचाची केबल दोन-अडीच फूट खोल पुरून न्यावी, किंवा वरून न्यायची तर जस्ती तारेच्या आधाराने, बैलगाडी आणि कडब्याची ट्रॉली खालून जाईल इतक्या उंचीवरून. झाड आणि पत्रा दोन्ही टाळावे. कपडे वाळत घालायची तार गोठ्याच्या पत्र्याला कधीही बांधू नये. वायर पत्र्याला घासली की पत्रा आणि ती तार दोन्ही जिवंत होतात, आणि ओले लुगडे टाकायला घरची बाई जाते. आतले वायरिंग प्लॅस्टिकच्या पाइपातून, सॉकेट माणसाच्या छातीच्या वर आणि झाकणाचे. गोमूत्राच्या वाफेने तांबे हिरवे पडते, म्हणून उघडे सांधे अजिबात नकोत. अर्थिंगला अडीच मीटरचा जस्ती पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोन बादल्या पाणी. आरसीसीबीवर एक टेस्टचे बटन असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पडला तर ठीक, न पडला तर बदलावा. हे सगळे मजुरीसह आठ-दहा हजारांत बसते. चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीचा हा साधारण दहावा हिस्सा.

गोठा पंपाच्या कनेक्शनवर जोडणाऱ्यांना एक वेगळा इशारा. शेतीचा दर कमी म्हणून अनेक जण बागेतल्या पंपाच्या खोलीतून गोठ्याला आणि सालदाराच्या खोलीला वीज देतात. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे ज्या कामासाठी कनेक्शन दिले ते सोडून दुसऱ्या कामाला वापरले, तर दुप्पट दराने आकारणी होते आणि कधीपासून वापर आहे ते ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची. बँकेत बसून अशा नोटिसा घेऊन आलेली माणसे आम्ही पाहतो. वाचवलेले पैसे आणि भरलेले पैसे यांचा मेळ कधी बसत नाही. त्याच पंपाच्या खोलीतून रानडुकरांसाठी कुंपणाला थेट २३० व्होल्ट सोडणारे तर उघड गुन्हा करतात. रात्री शेजाऱ्याचा पाय त्यावर पडतो, पेंचच्या बाजूला वाघ-बिबटेही यातच मेले आहेत. झटका मशीन वेगळे, त्यात करंट क्षणभर थांबून थांबून येतो. मेनची वायर कुंपणाला लावणे म्हणजे सापळा.

जामसांवलीचा उल्लेख खास करायला हवा. हनुमानाच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी होणारी गर्दी आपण सगळे जाणतो. २०२३ साली तिथे हनुमान लोकचे भूमिपूजन झाले, त्याच साली पांढुर्णा जिल्हाही झाला. या दोन्हींचा आपल्याला अभिमान आहे. मंदिराच्या कामाला निविदा असते, नकाशा असतो, तपासणारा इंजिनिअर असतो. परंतु रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांचे काय? गोठ्याचे नारळ-प्रसादाचे दुकान होते, दुकानामागे पत्रे टाकून यात्रेकरूंना खोली निघते, खोलीत कूलर लागतो, आणि हे सगळे ओझे एकबत्ती कनेक्शनच्या काळात ओढलेल्या त्याच वायरीवर येते. लोखंडी कूलर, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी यात्रेकरू. भाडे घेतो म्हणजे परक्याचा जीव आपण ताब्यात घेतला, याची जाणीव ठेवून तरी हे काम व्हावे.

आता सरकारकडे वळतो. वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे हा नियम २०१० च्या केंद्रीय सुरक्षा नियमांत होता, त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही आहे. प्रत्यक्षात नव्या कनेक्शनला लागणारा टेस्ट रिपोर्ट काम न पाहताही मिळतो, हे उघड गुपित आहे. बोरगावच्या कारखान्यांत काम करणारी आपलीच मुले तिथे हातमोजे घालून, मेनला कुलूप लावून काम करतात, कारण तिथे तपासणी होते. संध्याकाळी गावात आली की हीच मुले दाताने वायर सोलतात. कसब त्यांच्याजवळ आहे. विचारणारे कोणी नाही.

आणि विचारायचे तर भाषेचाही प्रश्न येतोच. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी ३५०-ब हे कलम आले. पुढे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले की, ज्या जिल्ह्यात किंवा तहसिलीत एखाद्या भाषिक अल्पसंख्य समाजाची वस्ती पंधरा ते वीस टक्के असेल, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. सौंसर आणि पांढुर्ण्यात मराठी बोलणारे किती, ते घराबाहेर पडून ऐकले तरी कळते. तरीही डीपीवरची धोक्याची पाटी हिंदीत, पावसाळ्यापूर्वीची सुरक्षेची सूचना हिंदीत. आपण शिकलेले लोक हिंदी वाचतो, प्रश्न आपला नाही. पंचावन्न वर्षांच्या सालदाराला आणि गोठ्यात जाणाऱ्या म्हातारीला 'भू-सम्पर्कन' म्हणजे काय ते कळत नाही. 'अर्थिंग' म्हटले असते तर कळले असते. 'मोटरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन बंद करा' असे लिहिले असते तर नक्कीच कळले असते. भाषेच्या हक्काची मागणी आपण साहित्य आणि शाळेपुरती करतो. जिवाच्या सूचनेपासून करावी, ती नाकारणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाईल.

पोळा जवळ आला की गोठ्यावर झालर लागते, रंगीत माळा लागतात. बैल नदीवर धुऊन ओल्या अंगाने आत येतात, दारात पाणी, गुलाल, चवाळी, आणि त्यावर लोंबणारी चिनी बल्बांची माळ, तिचेही सांधे उघडे. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीला रुग्णवाहिका आणि पोलिसांचा बंदोबस्त असतो. आदल्या दिवशीच्या गोठ्यांकडे कोणाचे लक्ष नसते. म्हणून आमची मंडळाला सूचना आहे की, यंदा पोळ्याच्या पंधरा दिवस आधी दोन परवानाधारक वायरमन रोजाने लावून सभासदांचे गोठे तपासून घ्यावेत. ज्याच्या गोठ्यात आरसीसीबी नाही त्याचे नाव फळ्यावर लिहायची गरज नाही, त्याला घरी जाऊन सांगावे. आरसीसीबी शंभराच्या वर एकदम नागपूरहून आणले तर घाऊक भाव मिळेल, त्याचा हिशेब ठेवायला आम्ही तयार आहोत. सालदारांना बोलावून मेन कुठे आहे आणि कसा बंद करायचा ते दाखवावे, आणि हे मालकाने स्वतः दाखवावे.

सूचना मराठीत छापण्याची मागणी करणारा अर्ज कलेक्टर साहेब आणि वीज कंपनीचे कार्यपालन यंत्री या दोघांना द्यायचा आहे. मसुदा मराठीत आणि हिंदीत असा दोन्हींत तयार आहे, पुढच्या बैठकीत वाचून दाखवू. सह्या गोळा करायचे काम जामसांवलीच्या मंडळींनी एखाद्या शनिवारी घ्यावे. त्या दिवशी पंचक्रोशीतले सगळे तिथे येतातच.